पिल्लांचा पार्व्हो : आजीच्या वेळी नसलेला रोग



भाद्रपदात कुत्र्या माजावर येतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको. त्यातल्या गाभण राहिलेल्या साधारण दोन महिन्यांनी, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे वितात. मग कडब्याच्या गंजीखाली, गोठ्याच्या वळचणीला, अंगणवाडीच्या मागे पिल्लंच पिल्लं. पौष उजाडेपर्यंत ती पायात पायात करायला लागतात, पोरं त्यांची बारशी करतात, आणि नेमकं तेव्हाच एखादं पिल्लू मान टाकतं. आधी खाणं सोडतं, मग ओकायला लागतं, मग पातळ, रक्ताची, नाक धरावं लागेल अशा वासाची हगवण. दोन-तीन दिवसांत संपतं. आठवड्याभरात अख्खं वेत जातं.

आमच्या गटांच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वही मिटली की खऱ्या गप्पा सुरू होतात. गेल्या थंडीत त्या गप्पांत पिल्लांचा विषय पुन्हा पुन्हा आला. कुणी म्हणालं दृष्ट लागली. कुणी म्हणालं लग्नातलं शिळं खाल्लं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुणी म्हणालं, विष घातलं. एका गावात यावरून शेजारशेजारच्या दोन घरांचं बोलणं बंद झालं. दोन्ही घरच्या बायका एकाच गटात. हप्ता द्यायला यायच्या, पण एकमेकींकडे पाठ करून बसायच्या. राखणीच्या कुत्र्याचं पिल्लू मेलं ते मेलंच, वर गटाची घडी विस्कटायची वेळ आली.

त्याच बैठकीत एक वयस्क मावशी म्हणाल्या, "आमच्या वेळी पिल्लं अशी रक्त हगून मरत नव्हती गं." म्हातारी माणसं असं प्रत्येक गोष्टीबद्दल म्हणतात, पाणी गोड होतं, भाकरी मोठी होती, तसं हेही असेल असं वाटलं. पण मावशींच्या या बोलण्याचा माग काढायचा असं आम्ही ठरवलं. आजचं हे भाषण म्हणजे त्या शोधाचा हिशेब आहे. आणि आधीच सांगून टाकतो, मावशी बरोबर निघाल्या.

या रोगाचं नाव पार्व्हो. लॅटिन भाषेत 'पार्वुस' म्हणजे लहान. हा विषाणू इतका लहान आहे की साध्या दुर्बिणीतून दिसत नाही, विषाणूंच्या जगातसुद्धा तो ठेंगणाच. पूर्वी पिल्लं मरत नव्हती असं नाही. जंतांनी मरत, थंडीने मरत, आणि डिस्टेंपर नावाच्या जुन्या रोगाने नाकाडोळ्यांतून पाणी गळून, झटके येऊन मरत. डिस्टेंपर विषाणूमुळे होतो हे फ्रान्सच्या कारे नावाच्या शास्त्रज्ञाने १९०५ साली दाखवलं होतं. पण पार्व्होची ही रक्ताची हगवण कुत्र्यांमध्ये जगाला पहिल्यांदा दिसली ती १९७८ साली. म्हणजे आपल्यातल्या कितीतरी जणींपेक्षा हा रोग वयाने लहान आहे. आपली आजी, पणजी, शेळ्यामेंढ्यांमागे कुत्री घेऊन रानोमाळ हिंडणारे धनगर, यांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या माहितीत या रोगाला शब्द नाही, कारण रोगच नव्हता. म्हणून त्याला दृष्ट म्हटलं, विष म्हटलं. ज्याला नाव नाही त्याला माणूस हाताशी असलेलं नाव देतो.

१९७८ साली झालं काय? अमेरिकेत, युरोपात, ऑस्ट्रेलियात जवळजवळ एकाच वेळी कुत्री पटापट मरायला लागली. लहान पिल्लंच नव्हे, मोठी धडधाकट कुत्रीसुद्धा. कुत्र्यांची प्रदर्शनं भरतात, तिथून घरी परतलेली कुत्री आजारी पडायची. काही ठिकाणी आणखी चमत्कारिक प्रकार होता. आईचं दूध पिता पिता दोन-चार आठवड्यांचं पिल्लू अचानक गतप्राण व्हायचं. ना ओकारी, ना हगवण. विषाणूने त्याच्या हृदयाचा स्नायूच खाल्लेला असायचा. दोन वर्षांत हा रोग जगभर पोचला. त्या आधी कुठल्याही कुत्र्याच्या अंगात त्याच्याशी लढायची ताकद नव्हती, कारण गाठच पडलेली नव्हती. हजारो कुत्री गेली. आपल्या देशात १९८० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच पशुवैद्यकांनी त्याची नोंद केली. मद्रासकडच्या डॉक्टरांचं काम त्यात पुढे होतं. तेव्हा आजच्यासारखं येणंजाणं नव्हतं, तरी त्याला वेळ लागला नाही.

तो आला कुठून, हे शोधताना शास्त्रज्ञांनी एक छान गोष्ट केली. प्रयोगशाळांच्या बर्फपेट्यांत दुसऱ्याच कामासाठी साठवून ठेवलेलं कुत्र्यांचं जुनं रक्त त्यांनी बाहेर काढलं आणि त्यात या रोगाच्या खुणा तपासल्या. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलियाच्या १९७८ आधीच्या रक्तात काही सापडलं नाही. युरोपातल्या सत्तरीच्या दशकाच्या मध्यातल्या काही नमुन्यांत मात्र खुणा मिळाल्या. म्हणजे कुणाच्या लक्षात येण्याआधी तीन-चार वर्षं तो तिकडे दबा धरून फिरत होता. जुना कागद जपून ठेवावा म्हणतात ना, तसं हे जुनं रक्त उपयोगी पडलं.

आणि तो नवा म्हणजे आकाशातून पडलेला नव्हता. त्याचे भाऊबंद आधीपासून होते. मांजरांच्या पिल्लांना असाच ओकारी-हगवणीचा रोग होतो, तो १९२० च्या दशकापासून माहीत होता. १९४७ साली कॅनडात मिंक नावाच्या, आपल्या मुंगसासारख्या दिसणाऱ्या आणि फरसाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत तसाच रोग सापडला. त्याच कुळातल्या एका विषाणूच्या अंगावरच्या आवरणात अगदी थोडे बदल झाले. आपल्या पेशींना रक्तातलं लोह आत घ्यायला एक दार असतं. मांजराच्या पेशीचं हे दार उघडणाऱ्या किल्लीचे दोन-चार दाते बदलले आणि तीच किल्ली कुत्र्याच्या पेशीच्या कुलपाला लागली. इतकंच. त्यानंतरही तो थांबला नाही. १९८० च्या सुमाराला त्याचा पुढचा प्रकार आला आणि त्याने पहिल्याला मागे सारलं. या नव्या प्रकाराला मांजराचं कुलूपही पुन्हा उघडता येऊ लागलं. पुढे १९८४ मध्ये आणखी एक, २००० साली इटलीत आणखी एक सापडला. बरी गोष्ट एवढीच की आजची लस या सगळ्यांवर चालते.

आता इथे एक बेटाची गोष्ट सांगतो, कारण ती आम्हाला फार लागली. अमेरिकेत सुपीरियर नावाचं समुद्रासारखं अफाट सरोवर आहे आणि त्यात आइल रॉयल नावाचं सत्तरेक किलोमीटर लांबीचं बेट. १९४० च्या दशकाच्या शेवटी, सरोवर गोठलं असताना काही लांडगे बर्फावरून चालत त्या बेटावर गेले आणि तिथेच राहिले. १९५८ पासून तिथले लांडगे आणि त्यांची शिकार असलेली मूस ही मोठी हरणं, यांची दरवर्षी मोजदाद होते. बेटावर कुत्रं न्यायला बंदी आहे. तरीसुद्धा कुणीतरी हौशी माणूस आपलं कुत्रं घेऊन गेला आणि त्याच्याबरोबर पार्व्हो गेला. १९८० साली बेटावर ५० लांडगे होते. १९८२ साली उरले १४. पुढे विषाणू बेटावरून नाहीसा झाला, पण लांडगे काही सावरले नाहीत. नात्यातल्या नात्यात संबंध होऊन ती जात दुबळी होत गेली आणि २०१८ मध्ये तिथे दोनच लांडगे राहिले. मग बाहेरून नवे लांडगे आणून सोडावे लागले. एका माणसाला वाटलं, एका कुत्र्याने काय होतंय, आणि चाळीस वर्षं त्याचा हिशेब चुकता होत नव्हता.

विषाणू विष्ठेतून पसरतो. आजारी पिल्लाच्या चिमूटभर विष्ठेतही तो प्रचंड असतो. तो जमिनीवर कित्येक महिने, सावली आणि ओल असेल तर वर्षभरसुद्धा टिकतो. तो चपलेला, टायरला, लुगड्याच्या काठाला, पोरांच्या हातांना लागून जातो. म्हणजे घराबाहेर कधी न पडलेल्या पिल्लालाही होतो, कारण आपण बाहेर पडतो. विषाची शंका इथूनच येते, हे आमच्या लक्षात आलं. पिल्लू दावणीजवळच होतं, कुणाच्या दारी गेलं नाही, मग कसं मेलं? कुणीतरी काहीतरी घातलंच असणार! त्या दोन घरांत नेमकं हेच झालं होतं. एकीचं पिल्लू मेलं. दुसरी बघायला म्हणून आली, कळवळून पिल्लाला हात लावून गेली. चार-पाच दिवसांनी तिच्या दारचं पिल्लू आजारी. विषाणू शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत माणूस पहिली भेट विसरतो आणि नंतरचं भांडण लक्षात ठेवतो. ही आकडेमोड दोघींसमोर मांडली तेव्हा लगेच काही गळाभेट झाली नाही. पण पुढच्या बैठकीला त्या समोरासमोर बसल्या, हेही काही कमी नाही.

आता लशीकडे येतो. या इतिहासातला हा भाग आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात कुत्र्यांच्या रोगांवर काम करणारी बेकर संस्था १९५० पासून आहे. तिथे लेलँड कार्मायकेल आणि मॅक्स अॅपेल हे दोन शास्त्रज्ञ होते. रोग येऊन थडकला तेव्हा लस नव्हती. मग काय करायचं? भाऊबंद विषाणू मांजराचा, म्हणून मांजराची लस कुत्र्याला टोचून वेळ मारून नेली गेली. तिचा थोडाफार उपयोग व्हायचाही. दरम्यान कॉर्नेलमध्ये आधी मारलेल्या विषाणूची लस झाली आणि मग जिवंत पण बोथट केलेल्या विषाणूची. प्रयोगशाळेत पेशींमध्ये पुन्हा पुन्हा वाढवून त्याचे दात काढून टाकले, असं समजा. रोग ओळखल्यापासून दोन-तीन वर्षांच्या आत हे झालं.

पण लस आली तरी पिल्लं मरतच होती. लस टोचलेली पिल्लंसुद्धा. लोक म्हणू लागले, लस खोटी. आपल्याकडे आजही हेच वाक्य ऐकू येतं: "इंजेक्शन दिलं होतं की, तरी मेलं!" आणि एकदा हे वाक्य वेशीतून आत आलं की मग ते कुत्र्यापुरतं राहत नाही, पोरांच्या डोसापर्यंत जाऊन पोचतं. म्हणून हे कोडं कसं सुटलं ते नीट ऐका.

उत्तर चिकात होतं. गाय-म्हैस व्याली की पहिल्या दिवसाचा चीक वासराला पाजलाच पाहिजे, हे आपल्याला पाठ आहे, खरवस त्यानंतर. कुत्रीच्या पहिल्या दुधातूनही पिल्लाला आईच्या अंगातली रोगाशी लढणारी द्रव्यं, म्हणजे प्रतिपिंडं मिळतात. ही आईने बाळाच्या नावावर टाकलेली ठेव म्हणा. पण या खात्यात नवा भरणा नाही, नुसता खर्च. साधारण नऊ-दहा दिवसांनी ठेव निम्म्यावर येते, आणखी नऊ-दहा दिवसांनी त्याच्या निम्म्यावर. कॉर्नेलच्या रॉय पोलॉक आणि कार्मायकेल यांनी हे मोजून १९८२ साली छापलं. त्यांना दिसलं ते असं. ठेव भरपूर असते तोवर रोग होत नाही, पण लसही लागत नाही. कारण आईची प्रतिपिंडं लशीतल्या विषाणूलाही शत्रू समजून संपवून टाकतात. पुढे ठेव पार आटते तेव्हा लस छान लागते. गोम मधल्या दिवसांत आहे. ठेव इतकी कमी झालेली असते की रोगाला अडवता येत नाही, आणि इतकी शिल्लक असते की लशीला मात्र अडवते. या मधल्या दिवसांत पिल्लू उघड्यावर असतं. हे दिवस कधी येणार ते आईच्या ताकदीवर आणि पिल्लाने चीक किती ओढला यावर ठरतं. एकाच वेतातल्या दांडग्या पिल्लाचे वेगळे, मागे ढकलल्या गेलेल्या मरतुकड्याचे वेगळे.

म्हणून एक इंजेक्शन पुरत नाही. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिलं, मग दर दोन ते चार आठवड्यांनी पुढचं, आणि शेवटचं पिल्लू सोळा आठवड्यांचं किंवा त्याहून मोठं झाल्यावर. कुठलंतरी एक तर योग्य दिवशी पडेलच, असा हा हिशेब आहे. पुढे सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान आणखी एक. पहिलं देऊन गप्प बसलेल्या घरातलं पिल्लू मेलं तर दोष लशीचा नसतो, अर्धवट सोडलेल्या हप्त्यांचा असतो. आणि हप्ते पुरे करण्याचं महत्त्व गटाच्या बाईला आम्ही काय सांगावं? आपल्या बाळांना गोवराची लस नऊ महिन्यांवर देतात, जन्मल्या जन्मल्या देत नाहीत, त्यामागेही आईकडून आलेल्या याच ठेवीचं कारण आहे. आशाताईंनी कार्डावर लिहिलेल्या तारखांचं गणित असं कुत्र्याच्या पिल्लावरून जास्त चांगलं कळतं, असा आमचा अनुभव आहे.

हृदय बंद पडून मरणाऱ्या त्या तान्ह्या पिल्लांचा प्रकार पुढे फार कमी झाला, त्याचंही उत्तर हेच. १९७८ मध्ये आयांच्याच अंगात काही नव्हतं, तर त्या पिल्लांना काय देणार? नंतरच्या आयांना रोग तरी होऊन गेलेला होता किंवा लस तरी मिळाली होती. म्हणून पाळलेली कुत्री असेल तर ती गाभण राहण्याआधीच तिची लस पुरी करावी. गाभणपणात ही जिवंत लस देत नाहीत.

बैठकीत दरवेळी येणारा एक प्रश्न म्हणजे, हा रोग आपल्या लेकरांना होतो का? कुत्र्याचा पार्व्हो माणसाला होत नाही. माणसाचा पार्व्हो वेगळा आहे आणि तो सापडल्याची कथा एका बाईची आहे. इव्होन कॉसार्ट या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ लंडनमध्ये कावीळ पसरवणाऱ्या विषाणूसाठी दात्यांचं रक्त तपासत होत्या. 'बी' या गटातल्या १९ नंबरच्या नमुन्यात त्यांना भलतंच काही दिसलं. दुसरी एखादी व्यक्ती चूक म्हणून फेकून देती. त्यांनी पाठपुरावा केला आणि १९७५ साली तो विषाणू जगापुढे आला. आजही त्याचं नाव बी-१९ च आहे. लहान मुलांचे गाल चापट मारल्यासारखे लाल होतात तो त्याचाच ताप. कुत्र्याकडून तो येत नाही. आजारी पिल्लाला हाताळल्यावर हात साबणाने धुवायचेच, पण ते जंतांसाठी आणि दुसऱ्या पिल्लांसाठी.

रोग झालाच तर त्याला मारणारं औषध आपल्याकडच्या दवाखान्यात नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनला परवानगी मिळाली आहे, ते आपल्या गावात यायचं तेव्हा येवो. इथे उपचार म्हणजे सलाईन, ओकारी थांबवणारं औषध, आतड्यात दुसरे जंतू माजू नयेत म्हणून अँटिबायोटिक, ऊब, आणि पोटात काही ठरायला लागल्यावर थोडं थोडं खाणं. ऐकायला साधं वाटतं. पण पिल्लू मरतं ते अंगातलं पाणी जाऊन आणि रक्तात जंतू शिरून, म्हणून एवढ्यानेच फरक पडतो. उपचाराविना बहुतेक पिल्लं जातात, पहिल्याच दिवशी दवाखाना गाठला तर बहुतेक वाचतात. ओकणाऱ्या पिल्लाच्या नरड्यात ताक, हळद, काढा ओतू नका. ते घशाखाली नीट जात नाही, श्वासात जाऊन आणखी घात होतो.

सफाईबद्दल दोन गोष्टी. फिनाइलवर विसंबू नका, या विषाणूचं त्याने फारसं बिघडत नाही. घरगुती ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे तीस भाग करून फरशी किमान दहा मिनिटं ओली ठेवावी. त्यात दुसरं काहीही मिसळू नये, नाहीतर विषारी वाफ होते. त्याआधी घाण धुऊन काढलेली हवी, कारण घाणीवर ब्लीचची ताकद फुकट जाते. आणि इथेच आपली अडचण आहे. आपली अंगणं शेणाने सारवलेली. त्यावर ब्लीच ओतून उपयोग नाही. तिथे वरची माती खरवडून लांब पुरावी, जागा उन्हाला मोकळी करावी, आणि त्या अंगणात लस पुरी न झालेलं नवं पिल्लू वर्षभर आणू नये. पोरं हट्ट धरतील, शेजारीण "घे गं एक" म्हणून पदरात टाकेल. तरी नाही.

लस बहुतेक ठिकाणी विकत आणावी लागते आणि ती थंड ठेवावी लागते, दोन ते आठ अंशांत. तालुक्याहून पिशवीतून उन्हात आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी. दोन गटांनी मिळून बर्फाचा थर्मास घेऊन जायचं आणि पशुधन अधिकाऱ्यांना किंवा खासगी डॉक्टरांना एकाच दिवशी आठ-दहा पिल्लांसाठी बोलवायचं, हे आम्ही करून पाहिलं आहे. जाण्यायेण्याचा खर्च वाटला जातो. पशुसखीला आधी सांगितलं तर ती यादी करते. भटक्या कुत्रीच्या पिल्लांनाही त्यात धरा. ती आपल्याच दारात लोळतात आणि विषाणूला मालकी कळत नाही. रेबीजची लस याहून वेगळी असते, ती पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर द्यायची. एकीने दुसरीचं काम होत नाही.

यंदा कार्तिकात आमच्या गटांनी वहीच्या शेवटच्या पानावर एक रकाना आखायचा ठरवलं आहे: कुणाच्या दारी कुत्री कधी व्याली, पिल्लं किती, पहिली सुई कोणत्या तारखेला. सोळा आठवडे मोजायचे तर सुरुवातीची तारीख लागते, आणि ती कुणाच्याच लक्षात राहत नाही.